परदेशातले शिक्षण आणि दुरून केलेली नोकरी : खान्देशातून निघणाऱ्यांसाठी तासांचा हिशेब

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी निघणारी मुले-मुली आता केवळ मोठ्या शहरांतली राहिलेली नाहीत. अमळनेर, शिरपूर, शहादा, चाळीसगाव अशा तालुक्यांच्या खेड्यापाड्यांतूनही ती निघतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या हाती निघताना पुण्या-मुंबईच्या एखाद्या कंपनीची नोकरी असते. कंपनी म्हणते, लॅपटॉप घेऊन जा आणि तिथूनच काम कर. डोक्यावर कर्ज असल्यामुळे घरच्यांनाही ही सोय हायसे वाटायला लावणारी असते. मी स्वतः अमळनेर तालुक्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातली आहे. जर्मनीत दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करताना त्यातले सव्वा वर्ष मी पुण्यातल्या कंपनीचे काम दुरून केले. ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी परदेशी गेलेले नाही, ज्यांना विचारायला जवळ माणूस नाही, त्यांच्यासाठी मी हे क्रमाने लिहीत आहे. यात जर्मनीचे तपशील अधिक आहेत, कारण ते मी जगले आहे. इतर देशांचे नियम जिथे वेगळे आहेत तिथे ते सांगितले आहेत.

पहिली पायरी : काम करण्याची परवानगी आहे का, हे लेखी पाहणे

आपल्याकडे एक समज पक्का बसलेला आहे की पगार भारतातल्या बँकेत रुपयांत जमा होत असेल, तर परदेशातल्या सरकारचा त्याच्याशी संबंध नाही. हा समज आधी मनातून काढून टाकावा. बहुतेक देशांत पगार कुठून येतो यापेक्षा काम करणारी व्यक्ती कुठे बसली आहे याला महत्त्व असते, आणि विद्यार्थी व्हिसावर बसलेल्या व्यक्तीने किती काम करावे याला मर्यादा असते.

जर्मनीत युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना १ मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. त्याआधी ही मर्यादा १२० आणि २४० दिवसांची होती. चार तासांपर्यंतचे काम म्हणजे अर्धा दिवस. विद्यापीठातच विद्यार्थी सहायक म्हणून केलेले काम या दिवसांत धरले जात नाही. ही मुभा मात्र नोकरीसाठी आहे. स्वतंत्र सल्लागार म्हणून बिल देऊन काम करायचे असेल, तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. निवास परवान्यासोबत मिळणाऱ्या जोडपत्रावर कामाच्या अटी छापलेल्या असतात. ते जोडपत्र हाती पडताच कोणाकडून तरी शब्दशः समजून घ्यावे.

माझी चूक नेमकी इथेच झाली. मी निघताना माझ्या कंपनीने पगारपत्रकावरून माझे नाव काढले आणि मला सल्लागार करून घेतले. त्यांना ते सोयीचे होते आणि मला त्यात काही वावगे दिसले नाही, कारण काम तेच होते आणि रक्कमही तीच होती. तिथे पोहोचल्यावर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षातल्या बाईंनी करार वाचला आणि शांतपणे सांगितले की हा स्वयंरोजगार आहे, परवानगी येईपर्यंत एक ओळही लिहू नका. अर्ज, कंपनीचे पत्र, अभ्यासक्रमाचे वेळापत्रक, पुन्हा भेटीची वेळ, असे करत अडीच महिने गेले. त्या अडीच महिन्यांत एक रुपयाही आला नाही. निघण्यापूर्वी एक ईमेल केला असता, तर हे सगळे अमळनेरात बसून मार्गी लागले असते.

ब्रिटनमध्ये पदवी आणि त्यावरच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. हा आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात, त्यामुळे एका आठवड्यात २५ आणि पुढच्यात १५ तास करून सरासरी काढता येत नाही. विद्यार्थी व्हिसावर तिथे स्वयंरोजगाराला मनाईच आहे, म्हणून सल्लागाराचा करार घेऊन ब्रिटनला जाऊ नये. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून कॅम्पसबाहेरच्या कामासाठी आठवड्याला २४ तास मिळतात. कॅनडाबाहेरच्या कंपनीसाठी दुरून केलेले काम मात्र तिथे या तासांत मोजले जात नाही. अमेरिकेचे नियम सर्वांत कडक आहेत. तिथे सत्रात कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येते आणि पहिल्या शैक्षणिक वर्षात कॅम्पसबाहेर सहसा नाहीच. तिथे जाणाऱ्याने विद्यापीठातल्या नियुक्त अधिकाऱ्याचे लेखी उत्तर मिळेपर्यंत भारतातल्या कंपनीचे काम उघडू नये.

शासकीय शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांनी आणखी एक कागद वाचावा. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती असो वा आदिवासी विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती, इतर उत्पन्नाविषयी मंजुरीपत्रात आणि हमीपत्रात काय लिहिले आहे ते पाहूनच नोकरीविषयी निर्णय करावा.

दुसरी पायरी : ही नोकरी परवडते का

परवानगी मिळते म्हणून नोकरी ठेवलीच पाहिजे असे नाही. कागद घेऊन एक साधा हिशेब करावा. समजा, कंपनी महिन्याला ८० तासांचे ३०,००० रुपये देते, म्हणजे तासाला ३७५ रुपये झाले. जर्मनीत १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. युरो ९० रुपयांना धरला तरी हे १,२५१ रुपये होतात. म्हणजे तिथल्या एखाद्या बेकरीत किंवा गोदामात केलेला एक तास पुण्याच्या कंपनीच्या तीन तासांहून अधिक देतो. असा हिशेब मी तिथे पोहोचल्यावर चार महिन्यांनी मांडला. तो निघण्यापूर्वी मांडायला हवा होता.

तरीही दुरून केलेल्या कामाच्या बाजूने बोलण्यासारखे आहे. भाषा येत नाही तोवर बाहेर काम मिळणे अवघड असते, आपल्या विषयातला अनुभव खंडित होत नाही, आणि जाण्यायेण्यात वेळ जात नाही. माझे मत असे की पहिले सहा ते नऊ महिने भारतातले काम थोडक्या तासांसाठी ठेवावे, त्या काळात तिथली भाषा कामापुरती शिकावी, आणि मग विद्यापीठातले सहायकाचे काम किंवा आपल्या विषयातल्या तिथल्या कंपनीतली विद्यार्थी-नोकरी शोधावी. दोन्ही एकदम धरून ठेवू नये.

कर्जाविषयीही नीट विचारून घ्यावे. सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जात साधारणपणे अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र चढत राहते. खासगी वित्तसंस्था अनेकदा शिकत असतानाच व्याजाचा काही भाग मागतात. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेत तारण ठेवले होते, आणि मला रात्रंदिवस वाटत होते की पुढच्याच महिन्यापासून हप्ता सुरू होणार. बँकेच्या मंजुरीपत्रात तसे कुठेही नव्हते. त्या भीतीपोटी मी पहिल्या सत्रात गरजेपेक्षा जास्त काम अंगावर घेतले. मंजुरीपत्र घरातल्या सर्वांनी एकत्र बसून वाचावे, म्हणजे कोणत्या महिन्यापासून किती पैसे लागणार हे आईवडिलांनाही कळते आणि मुलांनाही.

राहण्याखाण्याचा खर्च मात्र नोकरीवर टाकू नये. जर्मनीच्या व्हिसासाठी बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधीच ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो हाती येतात. दुरून केलेल्या कामाचे पैसे या रकमेला जोड म्हणून धरावेत. ते आले नाहीत तर भाडे थकेल अशी स्थिती ठेवू नये.

तिसरी पायरी : कंपनीशी लेखी ठरवणे

साहेब चांगले आहेत, समजून घेतील, या भरवशावर निघू नये; साहेब बदलतात. आठवड्याचे कमाल तास, ठरलेल्या बैठकांच्या वेळा, परीक्षेच्या काळातली रजा आणि काम सोडण्यासाठी द्यायची पूर्वसूचना या चार गोष्टी ईमेलवर का होईना, पण लेखी असाव्यात. कंपनीचा लॅपटॉप देशाबाहेर नेण्याची आणि तिथून कंपनीच्या यंत्रणेत शिरण्याची परवानगीही माहिती-सुरक्षा विभागाकडून घ्यावी. ग्राहकाच्या करारात भारताबाहेरून काम करण्यास मनाई असेल, तर ते जाण्यापूर्वी कळलेले बरे.

काम निवडतानाही विचार करावा. ज्यात दर तासाला कोणाच्या तरी निरोपाला उत्तर द्यावे लागते असे काम शिकताना झेपत नाही. ज्याची मुदत आठवड्याची असते, म्हणजे अहवाल, चाचणी, लेखन, संगणकीय प्रणालीचा एखादा सुटा भाग, असे काम मागून घ्यावे.

चौथी पायरी : दोन घड्याळांची सांगड

भारतात घड्याळ वर्षभर एकच असते. युरोपात ते मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जाते. त्यामुळे जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार तास. आमची रोजची बैठक भारतीय वेळेनुसार सकाळी साडेनऊला असे. ऑक्टोबरपर्यंत ती माझ्याकडे सकाळी सहाला होती, ती अचानक पाचवर आली.

नोव्हेंबरमधली ती पहाट अजून डोळ्यांपुढे आहे. वसतिगृहाच्या भिंती पातळ होत्या आणि रात्री १० ते सकाळी ६ हा तिथे शांततेचा काळ मानतात, म्हणून मी लॅपटॉप घेऊन मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात जाऊन बसत असे. दिवा एकच लावायचा, अंगावर माहेरून आणलेली गोधडी, खिडकीबाहेर मिट्ट काळोख, आणि कानातल्या यंत्रातून पुण्याच्या कार्यालयातला चहाचा गलका. बोलण्याची पाळी आली की मी जवळजवळ कुजबुजत असे, आणि पलीकडचे म्हणत, "मॅडम, आवाज येत नाही." त्यानंतर आठला झोपायचे, दहाच्या तासाला अर्ध्या झोपेत बसायचे, असे पाच आठवडे चालले. सहाव्या आठवड्यात मी बैठकीची वेळ भारतीय दुपारी साडेबाराची मागितली, म्हणजे माझ्याकडची सकाळी आठची. ती लगेच मिळाली. कोणी कारणही विचारले नाही. मागायला मी उगाच दीड महिना घाबरले होते.

जर्मनीत असणाऱ्याने सकाळी सात ते अकरा हा वेळ कामाला द्यावा. हिवाळ्यात ती भारतातली साडेअकरा ते साडेतीन असते, त्यामुळे सहकारी जागेवर भेटतात आणि दुपारचे तास अभ्यासाला मोकळे राहतात. मेलबर्नला जाणाऱ्यांचे गणित उलटे आहे: तिथल्या उन्हाळ्यात ते शहर भारताच्या साडेपाच तास पुढे असते, म्हणून वर्ग आटोपून दुपारी तीनला बसले की भारतात सकाळचे साडेनऊ झालेले असतात. टोरांटो हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे, तिथे एकत्र कामाचा वेळ जवळपास उरतच नाही. तिथून निरोप आणि काम लिहून ठेवण्याच्या पद्धतीनेच नोकरी करता येते.

पाचवी पायरी : वेचणीची वही

दसऱ्यानंतर आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू होते. दव ओसरले की बाया शेतात येतात, आणि दिवस मावळताना प्रत्येकीचे गाठोडे काट्याला लावून वजन होते. नाना त्याच वेळी, तिथेच बांधावर बसून, वहीत नाव आणि किलो लिहितात. मजुरी बाजाराच्या दिवशी द्यायची असते, पण वजन त्या दिवशीच लिहायचे. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिलेला आकडा कोणाचे तरी नुकसान करतो, हे त्यांचे म्हणणे आहे.

पाच आठवड्यांच्या त्या जागरणानंतर मी दोनशे पानी वही घेतली आणि तशाच रेघा आखल्या. तारीख, कंपनीचे तास, वर्गातले तास, स्वतःच्या अभ्यासाचे तास, झोप. रोज झोपण्यापूर्वी दोन मिनिटे. पहिल्याच आठवड्याने मला धक्का दिला: मी कंपनीचे १६ तास धरून चालले होते आणि ते २३ भरले. सात तास कशात गेले ते वहीतच दिसत होते. रात्री पडल्या पडल्या दिलेली उत्तरे, "दोन मिनिटे बघशील का" म्हणून आलेल्या फायली, बैठकीच्या आधीची तयारी. हे सगळे कामच आहे आणि परवानगीच्या तासांत ते मोजायलाच हवे. पुढे परवाना वाढवताना कार्यालयाने कामाचा तपशील मागितला, तेव्हा हीच वही माझ्या उपयोगी पडली.

अभ्यासाचे तासही खरे धरावेत. युरोपात एका सत्राला ३० श्रेयांक (क्रेडिट) असतात आणि जर्मनीत एका श्रेयांकाला साधारण ३० तासांचे श्रम गृहीत धरतात, म्हणजे वर्षाचे १,८०० तास. ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीला १८० श्रेयांक आणि प्रत्येकी १० तास, म्हणजे तेवढेच. वर्षाचे ४५ आठवडे धरले तर आठवड्याला ४० तास होतात. वर्ग आठवड्यात १४-१५ तासच दिसतात म्हणून नवख्याला वाटते की वेळ भरपूर आहे. उरलेले २५ तास ग्रंथालयात आणि प्रयोगशाळेत जायचे असतात. आठवड्याच्या १६८ तासांतून झोपेचे ५६, अभ्यासाचे ४० आणि स्वयंपाक, धुणे, बाजार, प्रवास यांचे रोज चार म्हणजे २८ तास वजा केले, की ४४ उरतात. त्यात नोकरीचे १६ तास नीट बसतात. २० तास ओढून ताणून बसतात. त्यापुढचा प्रत्येक तास झोपेतून किंवा अभ्यासातून कापला जातो.

सहावी पायरी : परीक्षेचे आणि कंपनीचे पंचांग एकत्र मांडणे

जर्मन विद्यापीठांत हिवाळी सत्राचे वर्ग साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आणि उन्हाळी सत्राचे एप्रिलपासून जुलैच्या मध्यापर्यंत असतात. भारतीय कंपन्यांची धावपळ ३१ मार्चच्या आधी असते, आणि नेमका तो काळ तिथे वर्ग नसण्याचा आहे. फेब्रुवारीतल्या परीक्षा संपल्या की मार्चमध्ये जास्त तास देण्याची तयारी आधीच कळवावी, आणि त्या बदल्यात जानेवारीचा शेवट, फेब्रुवारी आणि जुलै यांत काम निम्मे करून घ्यावे. हा सौदा कंपनीलाही आवडतो.

परीक्षेला हलके घेऊ नये, असे मी फार कळकळीने सांगते. जर्मनीतल्या बहुतेक विद्यापीठांत एका विषयाची परीक्षा मोजक्याच वेळा, अनेकदा तीनदाच, देता येते. अनिवार्य विषयात शेवटची संधीही गेली तर त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होते आणि तोच अभ्यासक्रम त्या देशात अन्यत्रही करता येत नाही. आपल्याकडच्या एटीकेटीच्या सवयीने तिथे बसू नये. दोन गृहपाठ लागोपाठ उशिरा गेले किंवा एक विषय पहिल्या प्रयत्नात राहिला, की त्याच आठवड्यात कंपनीला तास कमी करण्याचे पत्र लिहावे.

आजारपणाच्या विम्याचीही एक मेख आहे. जर्मनीत तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी विमा सवलतीत मिळतो, पण सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांहून अधिक काम नेहमीचे झाले, तर विद्यार्थी म्हणून असलेली ती सवलत जाऊ शकते.

सातवी पायरी : बँक, मोबाइल, कर

परकीय चलनाच्या नियमांनुसार परदेशी शिकायला गेलेली व्यक्ती अनिवासी धरली जाते, म्हणून साध्या बचत खात्याचे एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी व्यक्तीच्या रुपयांतल्या खात्यात, रूपांतर करून घ्यावे लागते. हे काम शाखेत स्वतः जाऊन, निघण्यापूर्वी करणे सोपे पडते. आधार आणि बँकेशी जोडलेले सिमकार्ड चालू ठेवावे आणि त्यावर परदेशात संदेश येतो याची खात्री करावी, नाहीतर ओटीपीअभावी स्वतःचेच पैसे हलवता येत नाहीत. कराविषयी एकच सांगते: जिथे बसून काम केले त्या देशाचाही त्या उत्पन्नावर हक्क असू शकतो. भारताचे जर्मनी, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांच्याशी दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार आहेत. त्यांचा लाभ घेण्यासाठी दोन्हीकडची विवरणपत्रे वेळेवर भरावी लागतात. आपल्या सीएला पहिल्याच वर्षी सगळे सांगून ठेवावे.

आठवी पायरी : घरी खरे सांगणे

आमच्याकडे संध्याकाळची जेवणे आटोपली की माय फोन करी. भारतात रात्रीचे आठ, म्हणजे हिवाळ्यात माझ्याकडे दुपारचे साडेतीन, आणि मी वर्गात. फोन उचलला नाही की तिचा जीव खालीवर होई. शेवटी आम्ही रविवारची सकाळ ठरवली. "जेवनी का वं?" हा तिचा पहिला प्रश्न असे आणि मी "हो" म्हणत असे, जेवलेली नसले तरी. हे करू नये. झोप किती झाली, कोणता विषय जड जातो, पैसे किती उरले, हे घरी जसेच्या तसे सांगावे. शेतातल्या नुकसानीचे आकडे ज्यांनी आयुष्यभर पचवले आहेत, त्यांना हेही पेलते. मी सांगितले त्या दिवशी नाना एवढेच म्हणाले की कपाशी यंदा बरी आहे, काम सोडायचे तर सोड.

आखाजी, पोळा, कानबाई हे सण कंपनीच्या सुट्ट्यांत क्वचितच असतात आणि विद्यापीठाच्या सुट्ट्यांत तर नसतातच. त्यांतला एक दिवस तरी वहीत आधीच कोरा ठेवावा. कळण्याचे पीठ संपले असेल तर ज्वारी आणि उडीद तिथल्या भारतीय किंवा तुर्की दुकानांत शोधावे.

नववी पायरी : काम केव्हा आणि कसे सोडावे

शेवटच्या सत्रातला प्रबंध हा जर्मनीत सहसा ३० श्रेयांकांचा, म्हणजे ९०० तासांचा असतो. त्याची नोंदणी होण्यापूर्वी भारतातले काम बंद करावे, असे माझे ठाम मत आहे. पूर्वसूचना दोन महिने आधी द्यावी आणि चालू काम लिहून सोपवावे. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी जर्मनी १८ महिन्यांचा निवास परवाना देते आणि त्या काळात कोणतेही काम करण्याची मुभा असते, त्यामुळे उत्पन्न थांबल्याची भीती त्या सहा महिन्यांपुरतीच आहे. निघताना कंपनीकडून अनुभवपत्र घ्यावे, त्यात काम दुरून आणि अर्धवेळ होते हे तारखांसह लिहून घ्यावे; पगाराच्या पावत्या, करकपातीची प्रमाणपत्रे, कामाची परवानगी आणि तासांची वही हे सगळे एका फायलीत लावावे आणि तिची एक प्रत गावी पाठवून ठेवावी.